मोहल्ल्यातली बालवाडी आणि सरकारी अनुदान

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव, भुसावळ, रावेर, धुळे, शिरपूर अशा ठिकाणच्या ओळखीच्या घरांतून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “आपा, मोहल्ल्यात लहान मुलांसाठी नर्सरी काढायची आहे. सरकारकडून ग्रँट मिळते म्हणतात. अर्ज कुठे करायचा?” विचारणारे कधी एखाद्या ट्रस्टचे विश्वस्त असतात, कधी बचत गटातल्या बहिणी, तर कधी डी.एड. करून घरी बसलेली मुलगी. इरादा नेक असतो. एक खोली असते, थोडी वर्गणी जमलेली असते आणि कोणीतरी सांगितलेले असते की अल्पसंख्याकांसाठी सरकारकडे खूप पैसा पडून आहे, फक्त फाइल टाकायची.

सरळ उत्तर असे की, खासगी नर्सरीच्या शिक्षिकेचा पगार आणि खोलीचे भाडे सरकार दरमहा देईल, अशी सोय आपल्याकडे नाही. हे ऐकून बहुतेक जण निराश होतात आणि विषय तिथेच सोडतात. वास्तविक तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार पैसा खर्च करते, बराच करते. पण तो वेगळ्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर आपण फारसे जात नाही. ही वाट कोणती, तिच्यावर आपला हक्क काय आणि कागद कसा करायचा, हे वाचकांसमोर मांडावे असे आम्हाला वाटते.

पहिलीचा वर्ग काय सांगतो

पहिलीचा वर्ग घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. शाळा सुरू झाल्यावर आठवडाभरात कळते की कोणते मूल आधी कुठेतरी बसून आले आहे आणि कोणते थेट घरातून आले आहे. पहिल्या प्रकारच्या मुलाला रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खडू धरणे, गोष्ट संपेपर्यंत ऐकणे जमते. दुसऱ्या प्रकारचे मूल हुशारीत काडीमात्र कमी नसते, पण त्याचे पहिले काही महिने शाळेची भीती जाण्यात जातात. तोपर्यंत वर्ग ‘अलिफ, बे’ सोडून पुढे गेलेला असतो. मग मूल मागे राहते, गैरहजर राहू लागते आणि चौथी-पाचवीपर्यंत घरचे म्हणू लागतात, “याचे डोके चालत नाही.”

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते. म्हणूनच या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा, म्हणजे पायाभूत स्तर मानला आहे. संविधानाच्या कलम ४५ मध्येही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिली गेली आहे. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची सक्ती सहा ते चौदा वयासाठी आहे. तीन ते सहा वयासाठी त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये ‘शासन सोय करू शकेल’ एवढेच शब्द आहेत. हक्क आणि सोय यांत फरक असतो आणि या फरकात सर्वांत जास्त गरीब घरांतली मुले अडकतात.

अंगणवाडी हा शब्द कुठून आला

अंगणवाडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खिचडी, वजनकाटा आणि पोलिओचा डोस येतो. पण या शब्दाचा जन्म शिक्षणात झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून या बायकांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. जवळ मिळतील ते शंख, बिया, पाने, खडे घेऊन मुलांना शिकवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा साधा हिशेब होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटातल्या धारणीला होता. या योजनेत सहा सेवा ठरवल्या गेल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवण्याची सेवा, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण. शेवटची सेवा आपण विसरून गेलो आणि बऱ्याच ठिकाणी अंगणवाडीही ती विसरली.

आता ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाने योजना चालते. मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रम दिला. महाराष्ट्रात त्याआधीपासून ‘आकार’ हा अभ्यासक्रम आहे. गाणी, गोष्टी, खेळ, रंग, मोजणी असा रोजचा कार्यक्रम त्यात आखलेला आहे. म्हणजे सेविकेचे मानधन, मदतनीस, आहार, शिक्षण साहित्य, भाड्याची जागा असेल तर भाडे, हे सगळे सरकारकडून मिळते. आपण नर्सरीसाठी जे अनुदान शोधतो, ते अंगणवाडीच्या रूपाने आधीच मंजूर आहे.

हक्काची मोजणी

सन २००६ या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या, त्या प्रत्येक मोहल्ल्यातल्या जबाबदार माणसाला माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट, जून २००६ मध्ये पंतप्रधानांचा अल्पसंख्याकांसाठीचा नवा १५ कलमी कार्यक्रम जाहीर झाला. त्यातले पहिलेच कलम बालविकास सेवांबद्दल आहे. अल्पसंख्याकांची वस्ती मोठी असलेल्या गावांत आणि भागांत ठरावीक प्रमाणात अंगणवाड्या असाव्यात, असे ते सांगते. शिष्यवृत्ती आणि कर्जाबद्दल आपण ऐकतो, पण पहिले कलम लहान मुलांचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. या कार्यक्रमासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते.

दुसरी गोष्ट, नोव्हेंबर २००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. मुस्लीम मोहल्ल्यांमध्ये अंगणवाडी आणि शाळा कमी पोहोचल्या आहेत, याची नोंद या अहवालाने घेतली.

तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी. हा आदेश गावांना आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांनाही लागू आहे. यालाच ‘मागेल तिथे अंगणवाडी’ म्हणतात.

याशिवाय लोकसंख्येचे माप आहे. ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, ८०० ते १६०० ला दोन, १६०० ते २४०० ला तीन आणि पुढे दर ८०० ला एक अंगणवाडी. १५० ते ४०० लोकवस्तीला मिनी अंगणवाडी. आदिवासी आणि डोंगराळ भागात हे माप सैल आहे : ३०० लोकसंख्येपासून पूर्ण आणि १५० पासून मिनी अंगणवाडी. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या आपल्या तडवी भिल्ल भावंडांनी हे माप लक्षात ठेवावे. ते अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे दारही त्यांना उघडे आहे. अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते. मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. केळीच्या जिल्ह्यातल्या मुलाला केळी मिळते की नाही, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आहाराच्या बाबतीत २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत पौष्टिक नाश्ता व गरम आहार मोफत मिळणे हा कायदेशीर हक्क आहे.

आपल्याकडे अडते कुठे

कागदावर एवढे सगळे असताना मोहल्ल्यातली मुले घरी का बसतात? आम्ही आयांशी बोलतो तेव्हा तीन कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

एक म्हणजे अंतर. अंगणवाडी असते, पण मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. चार वर्षांच्या मुलाला रोज तिकडे सोडायला आणि आणायला घरात माणूस नसतो. आई डाळ मिलमध्ये, शेतात किंवा घरी शिवणकामावर असते. मग कागदावर मोहल्ल्याला अंगणवाडी आहे, मुलांची नावेही पटावर आहेत, पण मुले तिथे जात नाहीत.

दुसरे म्हणजे भाषा. घरात मूल उर्दू बोलते, तेही आपल्या खानदेशी ढंगाचे. गल्लीत अहिराणी ऐकते. अंगणवाडीत सगळे पुस्तकी मराठीत असेल तर ते पहिले काही दिवस गप्प बसते आणि गप्प बसलेले मूल कंटाळून घरी पळते. यावर शासनाने नियम केलेला आहे. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तिथे ती भाषा लिहिता-वाचता येणारी सेविका किंवा मदतनीस निवडावी, असे भरतीचे निकष सांगतात. त्या भाषांत उर्दू आहे. मराठी तर यायलाच हवी. आमचे मत विचाराल तर ही दोन्ही भाषांची सोबत मुलाच्या भल्याची आहे. उर्दू माध्यमात जाणाऱ्या मुलाच्या कानावर चौथ्या वर्षी मराठी गाणी पडली, तर पुढे दहावीला मराठीचा पेपर त्याला डोंगर वाटत नाही.

तिसरे कारण विश्वासाचे. कोण शिजवते, काय शिजवते, आमच्या मुलांशी कसे बोलतात, असे प्रश्न आया विचारतात. ते रास्त आहेत. त्यावर घरी बसणे हा मार्ग नाही. गरम आहार शिजवण्याचे काम स्थानिक महिला बचत गटांना देण्याची पद्धत आहे. निवड प्रक्रिया जाहीर होते तेव्हा मोहल्ल्यातल्या बचत गटाने अर्ज केला पाहिजे. अंगणवाडीच्या मातांच्या बैठकीला आपल्या बायका गेल्या पाहिजेत.

अर्ज करण्याआधीचे काम

अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो. त्याआधीचे काम पंधरा दिवसांचे असते आणि वजन त्याच कामाला असते.

घरोघर यादी करा. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, घराचा पत्ता, घरात बोलली जाणारी भाषा, सध्या कुठे जाते आणि जवळची अंगणवाडी किती अंतरावर, असे रकाने आखा. सहा वर्षांखालची सगळी मुले घ्या, कारण ४० चा आकडा त्या सगळ्यांचा आहे. गरोदर आणि स्तनदा मातांची वेगळी यादी करा. हे काम बी.ए., बी.एड. करणाऱ्या मुलींनी दोन-दोनच्या जोडीने केले तर आठवड्यात होते. बायका बायकांना दार उघडतात आणि खरी माहिती देतात. वस्ती फक्त आपली नसेल तर यादीही फक्त आपली करू नका. शेजारच्या भिल्ल, दलित, गुजर कुणाचीही मुले त्यात आली पाहिजेत. अंगणवाडी सगळ्यांची असते आणि सगळ्यांनी मिळून मागितलेली गोष्ट लवकर मिळते.

मग सध्याच्या अंगणवाडीच्या सेविकेला भेटा. आपला मोहल्ला तिच्या सर्वेक्षणाच्या हद्दीत आहे का, हे नम्रपणे विचारा. पुष्कळदा तो असतो. अशा वेळी ‘नवीन अंगणवाडी द्या’ ही मागणी टिकत नाही. ‘लोकसंख्येच्या मापाने इथे दुसरे केंद्र हवे’ किंवा ‘भाड्याच्या जागेतले केंद्र मोहल्ल्याच्या जवळ हलवा’ ही मागणी टिकते. काय मागायचे हे नीट ठरले नाही, तर चांगली यादीही वाया जाते.

जागेचा विचार आधी करा. वर्गणीतून बांधलेला हॉल, शादीखान्याची रिकामी खोली, कोणाच्या घराचा स्वच्छ ओटा आणि खोली, पाण्याची आणि संडासाची सोय, एवढे दाखवता आले तर अधिकाऱ्यांचे निम्मे काम होते. इबादतीच्या जागेऐवजी सार्वजनिक वापराची जागा द्यावी, असा आमचा सल्ला आहे, म्हणजे कोणत्याही घरातल्या आईला तिथे यायला संकोच वाटणार नाही. गावात ग्रामपंचायतीची जागा असेल तर स्वतःची इमारतही होऊ शकते. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत एका अंगणवाडी इमारतीचा खर्च १२ लाख रुपये धरलेला होता : ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगातून आणि २ लाख महिला व बालविकास मंत्रालयाकडून. आता जी योजना चालू असेल तिचे आकडे ग्रामसेवकाकडून घ्यावेत.

अर्ज कोणाला, कसा

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. ग्रामीण भागात त्यांचे कार्यालय तालुक्याला असते. शहरात नागरी बालविकास प्रकल्पाचे वेगळे कार्यालय असते. गावासाठी प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि तिच्यात १५ कलमी कार्यक्रमाच्या पहिल्या कलमाचा उल्लेख करा.

अर्ज एका पानाचा असावा. वस्तीचे नाव, लोकसंख्या, सहा वर्षांखालील मुलांची संख्या, जवळच्या अंगणवाडीचे अंतर, मागणी नेमकी काय, जागा कोणती देऊ करतो, १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा एका ओळीत उल्लेख, एवढे पुरे. भाषणबाजी नको. कौमवर झालेल्या अन्यायाची लांब कहाणी नको. सोबत यादी, हाताने काढलेला साधा नकाशा आणि आयांच्या सह्या किंवा अंगठे जोडा. गावात ग्रामसभेचा ठराव जोडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे आपल्या बायका बोलल्या की ठराव कागदावर येतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हेही त्याच सभेत विचारता येते. खेळणी, चटया, पाण्याचे पिंप यांसाठी तो पैसा वापरता येतो.

आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. आम्ही एका कार्यालयात आयांबरोबर गेलो होतो. तिथल्या माणसाने अर्ज हातात घेतला, ‘ठेवून जा, बघतो’ म्हटले आणि शिक्का द्यायला टाळाटाळ केली. आया खुर्च्यांवर शांत बसून राहिल्या. चार वाजता शिक्का मिळाला. भांडण झाले नाही, आवाजही चढला नाही. मुलांच्या कामासाठी एवढा सब्र बायकांकडे असतो, तो वापरावा.

महिनाभरात उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमच्या प्रभागात मंजूर अंगणवाड्या किती, सुरू किती, पटावर मुले किती, शेवटचे सर्वेक्षण कधी झाले, असे चार प्रश्न विचारा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनाचाही उपयोग करता येतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. नव्या अंगणवाड्यांची एकूण संख्या केंद्राच्या मंजुरीवर अवलंबून असते, त्यामुळे तीन महिन्यांचा आदेश असला तरी प्रत्यक्षात वेळ लागू शकतो. केंद्र जवळ हलवणे, रिकामे पद भरणे, बंद पडलेले शिक्षण सुरू करणे ही कामे जिल्ह्याच्या पातळीवर होतात आणि लवकर होतात. म्हणून दोन्ही मागण्या बरोबरच करा.

संस्थेसाठी इतर दारे

ज्यांची नोंदणीकृत संस्था आहे, त्यांच्यासाठी काही दारे आहेत. प्रत्येकाची मर्यादा आधी पाहावी.

धार्मिक अल्पसंख्याक विद्यार्थी ७० टक्के असलेल्या शासनमान्य शाळांना पायाभूत सुविधांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून अनुदान मिळते. वर्गखोलीची दुरुस्ती, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, फर्निचर यांसाठी ते असते. दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयातील नियोजन शाखा वर्तमानपत्रातून अर्ज मागवते. अट ‘शासनमान्य शाळा’ अशी असल्याने नुसती नर्सरी त्यात बसत नाही. शाळेत मात्र पाणी आणि संडास झाले तर त्याच आवारातल्या लहान मुलांचीही सोय होते.

मदरशांसाठी २०१३ पासून डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. वक्फ मंडळाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या मदरशांना पायाभूत सुविधा, ग्रंथालय आणि विज्ञान, गणित, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे मानधन यासाठी ती आहे. २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय झाला. ही योजना बालवाडीची नाही. पण सकाळच्या मकतबला जी चार-पाच वर्षांची मुले येतात, त्यांच्या मोठ्या भावंडांची तालीम त्यातून सुधारू शकते.

प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमातून अल्पसंख्याकबहुल क्षेत्रात शाळेच्या खोल्या, वसतिगृहे, अंगणवाडी इमारती बांधता येतात. हे प्रस्ताव जिल्हा समितीकडून राज्यामार्फत केंद्राकडे जातात. खासगी संस्थेने थेट अर्ज करायची ही योजना नाही. इथे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्याला पाठपुरावा करायला लावावे लागते.

काम करणाऱ्या आयांसाठी ‘पालना’ योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास सांभाळणारे पाळणाघर, तेही अंगणवाडीला जोडून, अशी तिची रचना आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि कारखान्यांच्या वस्तीत याची गरज किती आहे, हे सांगायला नको.

मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन पूर्वी संस्थांना मदत करीत असे. २०२४ मध्ये केंद्राने ते बंद करण्याचा आदेश काढला. त्याच्या नावाने कोणी फाइल तयार करायचे पैसे मागत असेल तर देऊ नका. एकूणच, ‘मंत्रालयात ओळख आहे, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. वर उल्लेख केलेल्या कोणत्याही योजनेचा अर्ज स्वतः भरता येतो.

ज्या संस्थेला पुढे कंपन्यांचा सामाजिक निधी किंवा सरकारी अनुदान हवे आहे, तिने आजपासून हिशेब नीट ठेवावा. धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, दरवर्षीचे लेखापरीक्षण, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, आयकराचे १२-अ आणि ८०-जी, कार्यकारिणीच्या सभांचे इतिवृत्त, हे सगळे जागेवर हवे. मिळालेल्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र वेळेत दिले नाही तर दुसरा हप्ता येत नाही. पैसा अमानत आहे, ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. वहीतही ती दिसली पाहिजे.

आपल्या मुली आणि सेविकेचे पद

मोहल्ल्यात अंगणवाडी आली आणि तिथे उर्दू जाणणारी सेविका नसेल तर अर्धे काम राहिले. सेविका आणि मदतनीस या पदांसाठी बारावी पास, त्याच भागातली रहिवासी, वय १८ ते ३५ अशी अट आहे. विधवा बहिणींना ४० वर्षांपर्यंत सवलत आहे. आपल्याकडे बारावी, डी.एड. झालेल्या मुली पुष्कळ आहेत. घराजवळ, लहान मुलांमध्ये, बायकांच्या सोबतीने करायचे हे काम आहे. तरी अर्ज येत नाहीत, कारण जाहिरात प्रकल्प कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि आपण फलक वाचत नाही. मोहल्ल्यातल्या एका माणसाने महिन्यातून एकदा तो फलक वाचून जुम्म्याच्या दिवशी सर्वांना सांगायचे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

तोपर्यंत काय

आज तीन वर्षांचे असलेले मूल तीन वर्षांनी पहिलीत असेल. अर्जाला तेवढा वेळ लागला तर त्या मुलासाठी काहीच झाले नाही असे होईल. म्हणून अर्ज एका हाताने आणि काम दुसऱ्या हाताने करावे लागते. सकाळी दोन तास, एका ओट्यावर, दोन मुली आणि आळीपाळीने एक आई. गोष्ट, गाणे, चिंचोके मोजणे, मातीचे गोळे, कपड्यांच्या चिंध्यांचे रंग ओळखणे, हात धुऊन खाणे. लिहिण्याची घाई नको, इंग्रजी पाठ करून घेण्याची तर मुळीच नको. घरच्या भाषेत बोलावे आणि रोज दोन नवे मराठी शब्द द्यावेत. याला खर्च जवळजवळ नाही आणि नोंदवही ठेवली तर उद्याच्या अर्जाला हाच सर्वांत मोठा पुरावा होतो : इथे मुले आहेत, ती रोज येतात आणि त्यांना शिकवणारे हात तयार आहेत.

यादीचे रकाने आज रात्री आखता येतात. पहिल्या दहा घरांची माहिती येत्या रविवारी भरा.